शंकर बाळकृष्ण दीक्षित

शंकर बाळकृष्ण दीक्षित (जुलै १८५३ – एप्रिल १८९८) हे मराठी ज्योतिर्विद, भारतीय खगोलशास्त्राचे इतिहासकार आणि लोकप्रिय विज्ञानलेखक होते. पेशाने ते शाळामास्तर होते. कोणत्याही विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ (१८९६) हा त्यांचा ग्रंथ भारतीय खगोलाच्या इतिहासाचा पायाभूत ग्रंथ मानला जातो, तर ‘ज्योतिर्विलास’ या छोट्या पुस्तकाने सामान्य मराठी वाचकाला आकाश वाचायला शिकवले. रॉबर्ट स्यूएल यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला ‘द इंडियन कॅलेंडर’ हा इंग्रजी ग्रंथ शिलालेख व ताम्रपटांच्या तारखा ठरवण्यासाठी अनेक दशके वापरात राहिला. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

दीक्षितांच्या काळी ‘ज्योतिष’ या शब्दाचा अर्थ आजच्याइतका आक्रसलेला नव्हता. ग्रहताऱ्यांचे गणित आणि वेध यांनाही ज्योतिषच म्हणत. त्यांच्या ग्रंथाच्या नावातील ‘ज्योतिषशास्त्र’ हा शब्द मुख्यतः या गणिती अर्थाने घ्यावयाचा आहे. फलज्योतिष हा त्या ग्रंथाचा एक भाग आहे, गाभा नव्हे.

== बालपण व शिक्षण ==

दीक्षितांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात समुद्रकाठच्या मुरूड या गावी झाला. त्यांचे आरंभीचे शिक्षण गावीच झाले. त्यापुढील शिक्षणासाठी इंग्रजी शाळेचा व महाविद्यालयाचा मार्ग त्यांना मिळाला नाही. कोकणातील अनेक हुशार मुलांप्रमाणे त्यांनी शिक्षक होण्याची वाट धरली आणि १८७० च्या सुमारास पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात प्रवेश घेतला. मराठी शाळांसाठी शिक्षक तयार करणारी ही सरकारी संस्था होती. तेथील अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर त्यांनी मॅट्रिक्युलेशनची परीक्षा दिली. त्यांचे औपचारिक शिक्षण येथे संपले. पुढील आयुष्यात त्यांनी मिळवलेले संस्कृत, इंग्रजी, गणित आणि खगोल यांचे ज्ञान नोकरी सांभाळून, स्वतःच्या बळावर मिळवलेले होते.

== शिक्षकी पेशा ==

१८७४ पासून अखेरपर्यंत दीक्षित शिक्षण खात्याच्या नोकरीत होते. रेवदंडा येथील मराठी शाळा, ठाण्याची मराठी शाळा, सोलापूर जिल्ह्यातील बार्शीची इंग्रजी शाळा, धुळ्याची शिक्षक-प्रशिक्षण शाळा आणि शेवटी पुण्याचे ट्रेनिंग कॉलेज असा त्यांचा प्रवास झाला. या गावांपैकी पुणे वगळता कोठेही मोठे ग्रंथालय किंवा वेधशाळा नव्हती. संस्कृत हस्तलिखिते मित्रांकडून मागवावी लागत, इंग्रजी नियतकालिकांतील लेख मिळतील तेव्हा वाचावे लागत, आणि आकडेमोड रात्री हातानेच करावी लागे.

त्यांच्या लेखनाची सुरुवात विद्यार्थ्यांसाठी झाली. ‘विद्यार्थीबुद्धिवर्धिनी’ आणि ‘सृष्टिचमत्कार’ ही त्यांची आरंभीची पुस्तके होत. दोन्हींच्या नावांवरूनच त्यांचा रोख दिसतो. शाळेतल्या मुलाची जिज्ञासा जागी करावी आणि भोवतालच्या सृष्टीतील गोष्टींची कारणे त्याला त्याच्याच भाषेत कळावीत, हा त्यांचा हेतू होता. ज्योतिषाकडे ते गंभीरपणे वळले ते ठाण्याच्या वास्तव्यात. तेथे जनार्दन बाळाजी मोडक यांच्याशी त्यांचा संबंध आला. मोडक हे वेदांग ज्योतिषाचे अभ्यासक आणि सायन पंचांगाचे पुरस्कर्ते होते. पंचांगातील आकडे आणि आकाशातील ग्रह यांत पडलेले अंतर हा दीक्षितांच्या पुढील साऱ्या अभ्यासाचा उगम आहे.

== ज्योतिर्विलास ==

धुळ्यात असताना दीक्षितांनी ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. मराठीतील लोकप्रिय विज्ञानलेखनात या पुस्तकाचे स्थान पहिल्या प्रतीचे आहे. नभोवाणी नव्हती, वृत्तपत्रे थोड्यांच्या हाती पडत, आणि विज्ञानाची मराठी पुस्तके बहुतेक करून शाळेच्या क्रमिक पुस्तकांच्या साच्यातली असत. अशा काळात परीक्षेसाठी नव्हे, तर निव्वळ आनंदासाठी खगोल वाचावे, अशी कल्पना या पुस्तकाने मांडली.

पुस्तकाचे उपशीर्षक मुद्दाम पाहण्याजोगे आहे. बोलण्यात ‘दोन घटका’ म्हणजे थोडा मोकळा वेळ. जेवणे आटोपल्यावर अंगणात किंवा गच्चीवर बसून घालवायचा वेळ तो हाच. पण घटका हे कालमापनाचे नेमके एककही आहे. अहोरात्राचे साठ भाग केले की एक घटका होते. ती चोवीस मिनिटांची असते. दोन घटकांचा एक मुहूर्त, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. एवढ्या वेळात आकाश बारा अंश फिरते. हात लांब करून मूठ धरली तर ती सुमारे दहा अंशांची जागा झाकते. म्हणजे दोन घटका बसून राहणाऱ्याला, पूर्वेकडे क्षितिजावर दिसलेला तारा एका मुठीहून अधिक सरकलेला दिसतो. पृथ्वी फिरते हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. उपशीर्षकात हा हिशोब लेखकाच्या मनात होता की नाही हा प्रश्न वेगळा, परंतु मौज आणि गणित यांना असे एका शब्दात बसवणे हे दीक्षितांच्या स्वभावाला धरूनच आहे.

या पुस्तकासाठी दुर्बीण लागत नाही. उघड्या डोळ्यांनी दिसणारे आकाश हाच त्याचा विषय आहे: तारे, नक्षत्रे, चंद्राच्या कला, ग्रहांचे चालणे व वक्री होणे, ग्रहणे, धूमकेतू. वाचकाला सप्तर्षी, अरुंधती, ध्रुव, मृग व व्याध, अगस्त्य ही नावे कीर्तनांतून आणि पुराणांतून आधीच ठाऊक असत. लग्नात वधूला अरुंधती दाखवण्याचा विधीही घरोघरी होत असे, मात्र दाखवणाऱ्याला ती नेमकी कोणती चांदणी हे अनेकदा माहीत नसे. दीक्षितांनी या ओळखीच्या नावांचाच उंबरठा केला. कथेतले पात्र आकाशात कोठे आहे ते दाखवायचे, मग तो तारा किती दूर असेल, त्याचा प्रकाश येथवर यायला किती काळ लागत असेल, हे सांगायचे, असा हा क्रम होता. पुराणकथेची टिंगल न करता आणि तिला विज्ञान न म्हणता त्यांनी दोन्ही गोष्टी आपापल्या जागी ठेवल्या. नंतरच्या अनेक मराठी विज्ञानलेखकांना हा तोल साधता आलेला नाही.

पुस्तकाच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या, आणि आकाशनिरीक्षणाची आवड लागलेल्या मराठी माणसांच्या काही पिढ्यांचे ते पहिले पुस्तक ठरले. त्यातील ताऱ्यांच्या अंतरांचे व ग्रहांविषयीचे बरेच आकडे आज अर्थातच जुने झाले आहेत. उघड्या डोळ्यांनी पाहण्याचा भाग मात्र जुना झालेला नाही.

== शिलालेखांच्या तारखा ==

बार्शीतील शिक्षकाचे नाव युरोपीय प्राच्यविद्या पंडितांपर्यंत पोहोचले ते गुप्त संवताच्या प्रश्नामुळे. गुप्त राजांच्या शिलालेखांत वर्षे दिलेली असतात, परंतु त्या संवताचा आरंभ नेमका कधी झाला याविषयी एकोणिसाव्या शतकात तीव्र मतभेद होते. अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या मते तो इ.स. १६६ मध्ये होता. इतर काहींनी तो शक संवताशीच जोडला होता. अल्-बेरूनीने मात्र गुप्तकाल हा शककालानंतर २४१ वर्षांनी सुरू झाल्याचे नोंदवले होते. या उत्तरावर भारताच्या प्राचीन इतिहासाचा बराचसा कालक्रम अवलंबून होता. आरंभ दीडशे वर्षांनी अलीकडे किंवा पलीकडे गेला, तर समुद्रगुप्तापासून हूणांच्या स्वारीपर्यंतचे सारेच सरकत होते.

गुप्त लेखांचा संग्रह तयार करणारे जॉन फेथफुल फ्लीट यांना या कामासाठी भारतीय पंचांगगणित जाणणारा माणूस हवा होता. दीक्षितांनी ती गणिते करून दिली. एरण येथील स्तंभलेखात बुधगुप्ताच्या काळचे गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि गुरुवार असा उल्लेख आहे. संवताचा आरंभ इ.स. ३१९–२० मानून गणित केले असता ही तिथी २१ जून ४८४ या दिवशी येते, आणि त्या दिवशी गुरुवारच होता. तिथी आणि वार यांचा मेळ बसणे ही अशा गणिताची कसोटी असते. कारण चुकीच्या वर्षात तिथी मिळाली तरी वार मिळण्याचा संभव सातांत एकच असतो.

याहून अवघड गाठ परिव्राजक महाराजांच्या ताम्रपटांची होती. त्यांत गुप्त वर्षाबरोबर महावैशाख, महाआश्वयुज अशी संवत्सरांची नावे आहेत. हे गुरू ग्रहाचे बारा वर्षांचे चक्र आहे एवढे ठाऊक होते, पण ते चालते कसे याचा विसर पडला होता. दीक्षितांनी जुन्या ग्रंथांतील वचने तपासून दाखवले की हे संवत्सर गुरूच्या उदयावरून मोजले जात. सूर्य गुरूच्या जवळ आला की गुरू सुमारे महिनाभर दिसेनासा होतो. नंतर पहाटे पूर्वेस तो पुन्हा दिसू लागतो, आणि त्या वेळी तो ज्या नक्षत्रात असेल त्यावरून वर्षाला नाव मिळते. एका उदयापासून दुसऱ्या उदयापर्यंत सुमारे ३९९ दिवस जातात. त्यामुळे बारा सौर वर्षांत असे अकराच उदय होतात आणि चक्रातील एक नाव गळते. कोणते नाव गळेल हे गणितानेच कळते. या पद्धतीने ताम्रपटांतील संवत्सरांची नावे इ.स. ३१९–२० या आरंभाशी जुळली. फ्लीट यांचा गुप्त लेखांचा खंड १८८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दीक्षितांची गणिते आणि बारा वर्षांच्या चक्रावरील त्यांचा निबंध समाविष्ट आहे. ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकातही दीक्षितांचे लेख येत असत. मूळ सूर्यसिद्धान्त आणि रोमक सिद्धान्त यांवरील त्यांचे लेख १८९० मध्ये तेथे छापले गेले.

== द इंडियन कॅलेंडर ==

मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी रॉबर्ट स्यूएल यांनी हिंदू तारखांचे इंग्रजी तारखांत रूपांतर करण्याची कोष्टके तयार करायला घेतली होती. त्या कामात दीक्षित सहलेखक झाले आणि १८९६ मध्ये लंडनहून ‘द इंडियन कॅलेंडर’ प्रसिद्ध झाला. इ.स. ३०० ते १९०० या सोळाशे वर्षांतील हिंदू व मुसलमानी तारखा त्यातील कोष्टकांवरून काढता येतात. व्हिएन्नाचे रॉबर्ट श्राम यांनी तयार केलेली भारतात दिसलेल्या सूर्यग्रहणांची कोष्टकेही त्यास जोडलेली आहेत. अधिक मास, क्षय तिथी, प्रांताप्रांतांत बदलणारे वर्षारंभ, पूर्णिमान्त व अमान्त मास या सर्व भानगडींचा उलगडा ग्रंथाच्या प्रस्तावनेत आहे. महाराष्ट्रात कार्तिक वद्य म्हटले जाते तोच पंधरवडा उत्तरेत मार्गशीर्ष वद्य ठरतो, एवढ्या एका फरकाने कितीतरी लेखांच्या तारखा चुकत असत. संगणक येईपर्यंत पुराभिलेखतज्ज्ञांच्या टेबलावर हा ग्रंथ असे.

== भारतीय ज्योतिषशास्त्र ==

दीक्षितांचा मुख्य ग्रंथ म्हणजे ‘भारतीय ज्योतिषशास्त्र अथवा भारतीय ज्योतिषाचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’. दक्षिणा प्राइझ कमिटीने या विषयावरील मराठी ग्रंथासाठी पारितोषिक जाहीर केले होते. दीक्षितांनी बार्शीत असताना ग्रंथ लिहून पाठवला आणि पारितोषिक मिळवले. तो पुढे वाढवून १८९६ मध्ये पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यात छापला गेला.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात वेदकाल आणि वेदांगकाल यांतील ज्योतिषाचा विचार आहे. दुसऱ्यात सिद्धान्तकाल, म्हणजे आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य, गणेश दैवज्ञ यांच्यापासून केरो लक्ष्मण छत्रे, बापूदेव शास्त्री, व्यंकटेश बापूजी केतकर या त्यांच्या समकालीनांपर्यंतचा इतिहास येतो. प्रत्येक ग्रंथकाराचा काल, ग्रंथातील वर्षमान, ग्रहांच्या भगणसंख्या आणि त्या किती अचूक होत्या याची तुलना, असा त्यांचा क्रम आहे. वेदांग ज्योतिषातील अनेक दुर्बोध श्लोकांचा गणिताशी जुळणारा अर्थ त्यांनी लावला. नक्षत्रांतील योगतारे नेमके कोणते याबाबत पूर्वीच्या अभ्यासकांची मते त्यांनी कोष्टकात शेजारी शेजारी मांडली आणि स्वतःचे मतही दिले.

भारतीय ज्योतिष ग्रीकांकडून आले की नाही, हा त्या काळचा अत्यंत तापलेला वाद होता. व्हिट्नी, थिबो, बर्जेस यांची मते परस्परविरुद्ध होती, आणि येथील विद्वानांतही स्वाभिमानाने पेटलेल्यांची कमतरता नव्हती. दीक्षितांची भूमिका एका टोकाची नाही. ग्रीकांशी प्राचीन काळी संपर्क आला असण्याचा संभव ते नाकारत नाहीत, परंतु भारतीय सिद्धान्तांतील आकडे टॉलेमीच्या आकड्यांशी जुळत नाहीत, तेव्हा ते येथील वेधांवरूनच आले असले पाहिजेत, असा त्यांचा युक्तिवाद आहे. त्यांचे सर्वच निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. तथापि प्रतिपक्षाचा मुद्दा आधी पूर्ण मांडून मग त्यावर उत्तर देण्याची त्यांची शिस्त आजही वाचनीय आहे.

ग्रंथ मराठीत लिहिला गेला याचा परिणाम दुहेरी झाला. महाराष्ट्रातील शास्त्री, पंचांगकर्ते आणि शाळाशिक्षक यांना तो थेट वाचता आला. उलट युरोपातील अभ्यासकांना त्याचा उपयोग फार थोडा करता आला, आणि दीक्षितांनी सिद्ध केलेल्या काही गोष्टी नंतर इतरांनी पुन्हा स्वतंत्रपणे शोधल्या.

== कृत्तिकांचा पुरावा ==

दीक्षितांच्या नावाशी सर्वाधिक जोडला गेलेला शोध शतपथ ब्राह्मणातील कृत्तिकांविषयी आहे. त्या ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, इतर नक्षत्रे मात्र ढळतात, अशा आशयाचे विधान आहे. दीक्षितांनी ते केवळ स्तुतिपर वाक्य न मानता वेध म्हणून वाचले.

तर्क समजायला सोपा आहे. खगोलाचे विषुववृत्त पूर्व आणि पश्चिम बिंदूंतून जाते. जो तारा त्या वृत्तावर असतो तोच बरोबर पूर्वेस उगवतो. वृत्ताच्या उत्तरेस असलेला तारा ईशान्येकडे आणि दक्षिणेस असलेला आग्नेयेकडे झुकून उगवतो. आज कृत्तिका विषुववृत्ताच्या सुमारे चोवीस अंश उत्तरेस आहेत. महाराष्ट्रातून पाहिले तर त्या ठीक पूर्वेच्या पंचवीस अंश डावीकडे उगवताना दिसतात. कोणीही मोकळ्या माळावर जाऊन हे ताडून पाहू शकतो. परंतु पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलत असल्यामुळे संपातबिंदू बहात्तर वर्षांत सुमारे एक अंश मागे सरकतो, आणि ताऱ्यांचे विषुववृत्तापासूनचे अंतरही बदलत जाते. मागे मोजत गेल्यास कृत्तिका विषुववृत्तावर होत्या तो काळ इ.स. पूर्व सुमारे ३००० हा येतो. हे निरीक्षण त्या काळचे असले पाहिजे, असे दीक्षितांनी मांडले. त्यांचा इंग्रजी लेख १८९५ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त आला.

लोकमान्य टिळकांचा ‘ओरायन’ (१८९३) आणि जर्मन पंडित हेर्मान याकोबी यांचे लेख यांमुळे वेदांचा काल ज्योतिषावरून ठरवण्याचा विषय तेव्हा चर्चेत होताच. या वादात दीक्षितांच्या पुराव्याचे बळ असे की तो एका साध्या, प्रत्यक्ष दिसणाऱ्या गोष्टीवर उभा होता. त्यावरील आक्षेपही तितकेच साधे आहेत. वाक्य जुने असले तरी ग्रंथ जुना असेलच असे नाही, परंपरेने आलेले विधान पुढच्या काळात तसेच नोंदले गेले असू शकते, आणि उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्याने पूर्वेचा बिंदू किती काटेकोरपणे ठरवला होता हेही कळत नाही. हा वाद आजही मिटलेला नाही, आणि दोन्ही बाजूंचे लेखक चर्चेचा आरंभ दीक्षितांपासून करतात.

== पंचांगाचा वाद ==

महाराष्ट्रातील पंचांगे त्या काळी मुख्यतः गणेश दैवज्ञांच्या सोळाव्या शतकातील ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून तयार होत. साडेतीनशे वर्षांत त्यातील गणित आणि आकाश यांत फरक पडला होता. पंचांगात ग्रहण एका वेळी लिहिलेले असे आणि लागे दुसऱ्या वेळी. केरो लक्ष्मण छत्रे यांनी नव्या युरोपीय कोष्टकांवरून गणित करून १८६५ पासून पटवर्धनी पंचांग सुरू केले. त्यात ग्रहस्थिती सुधारली. वर्षमानाचा मूळ प्रश्न मात्र उरला.

सूर्यसिद्धान्ताचे वर्ष ऋतूंच्या खऱ्या वर्षापेक्षा सुमारे चोवीस मिनिटांनी, म्हणजे नेमक्या एका घटकेने मोठे आहे. वर्षाला एक घटका ही किरकोळ गोष्ट वाटते, पण साठ वर्षांत तिचा एक दिवस होतो. मकरसंक्रांत ही उत्तरायणाच्या आरंभाची खूण होती. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी दोन्ही एकत्र येत. एकोणिसाव्या शतकात उत्तरायण २१–२२ डिसेंबरला लागत होते आणि तीळगूळ वाटला जात होता तो जानेवारीच्या १२ तारखेच्या आसपास. हीच चाल राहिली तर काही हजार वर्षांनी चैत्रातला पाडवा वसंतातून निघून भर उन्हाळ्यात आणि मग पावसाळ्यात जाईल, हे उघड होते.

विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि दीक्षित यांनी यावर सायन पंचांगाचा उपाय पुढे केला. संपातबिंदूपासून राशी मोजायच्या, म्हणजे महिने ऋतूंना कायमचे बांधले जातात. १८८० च्या दशकापासून असे पंचांग ते प्रसिद्ध करू लागले. विरोध दोन बाजूंनी झाला. परंपरेचा विरोध अपेक्षितच होता: वाडवडिलांपासून चालत आलेली व्रते आणि श्राद्धे वेगळ्या दिवशी करायची कोणी? पण शास्त्रीय आक्षेपही होता. सायन पद्धतीत अश्विनी नक्षत्र म्हटलेल्या जागी अश्विनीचे तारे उरत नाहीत, मग नक्षत्राला ते नाव ठेवण्यात अर्थ काय, असे निरयनवादी विचारीत. दीक्षितांनी या आक्षेपाचे वजन मान्य केले, तरी धर्मकृत्ये ऋतूंवर सांगितलेली आहेत, तेव्हा ऋतू सांभाळणे हेच मुख्य, हे मत त्यांनी सोडले नाही. आपल्या ग्रंथात या विषयाला त्यांनी मोठी जागा दिली आहे.

लोकांनी सायन पंचांग स्वीकारले नाही. खुद्द दीक्षितांना मानणाऱ्या घरांतही भिंतीवर निरयन पंचांगच राहिले असणार, इतका हा पराभव पुरता होता.

== अखेरची वर्षे ==

१८९४ नंतर दीक्षित पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात, म्हणजे ज्या संस्थेत शिकले तेथेच शिक्षक म्हणून होते. ‘धर्ममीमांसा’ हे पुस्तक आणि वर उल्लेखिलेले दोन मोठे ग्रंथ एवढे लेखन या तीनचार वर्षांत प्रसिद्ध झाले. प्राचीन भारताच्या भूगोलावरही त्यांनी लिहिले होते. ते लेखन त्यांच्या मृत्यूनंतर प्रकाशित झाले.

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया महाराष्ट्रावरून गेली. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर यांची तुकडी होती आणि सोलापूर जिल्ह्यात जेऊर येथे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी व अमेरिकेच्या लिक वेधशाळेच्या पथकाने वेध घेतले. त्यानंतर तीन महिन्यांनी, एप्रिल १८९८ मध्ये, दीक्षितांचे निधन झाले.

== नंतरचा काळ ==

पंचांगाचा वाद दीक्षितांच्या मागे चालूच राहिला. १९०४ मध्ये मुंबईला आणि १९२० मध्ये सांगलीला ज्योतिषांची संमेलने भरली. त्यांतून टिळकांच्या पुरस्काराने शुद्ध निरयन पंचांगाची दिशा ठरली. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ ग्रंथाची दुसरी मराठी आवृत्ती १९३१ मध्ये निघाली. शिवनाथ झारखंडी यांनी केलेला त्याचा हिंदी अनुवाद १९५७ मध्ये उत्तर प्रदेश शासनाच्या प्रकाशन विभागाने काढला. रा. वि. वैद्य यांनी केलेला इंग्रजी अनुवाद भारत सरकारने दोन भागांत १९६९ आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा मूळ ग्रंथ छापल्याला पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये केंद्र सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. वैद्य हेही या समितीचे सदस्य होते. समितीने सुचवलेली राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ शके या दिवसापासून अमलात आली. तिचे वर्षमान सायन आहे आणि तिचा चैत्र वसंतसंपाताला बांधलेला आहे. सरकारी राजपत्रावर आणि आकाशवाणीच्या सकाळच्या निवेदनात ही तारीख येते. सण मात्र अजून निरयन गणितानेच पाळले जातात, आणि मकरसंक्रांत आता १४ किंवा १५ जानेवारीला येते.